भिंतीकडे फिरवलेली गाठ

सुताराच्या धाकट्या लेकीचा बाप्तिस्मा झाला, त्या वर्षाची ही गोष्ट. ते दिवसच वेगळे होते. दुपार झाली की सुतार रंधा खाली ठेवायचा, अंगावरचा भुसा झटकायचा आणि चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर घंटावाल्याशेजारी जाऊन बसायचा. एक किटली, दोन कप आणि जगभरच्या उखाळ्यापाखाळ्या. तसं हसणं पुढे कुणाच्या वाट्याला आलं नाही.

चर्चच्या मनोऱ्यात घंटेपर्यंत चढायची नवी शिडी सुतारानेच केली. पायरी बसवण्याआधी ती दोन ठोकळ्यांवर आडवी टाकायची आणि वर उभं राहून दोनदा उडी मारायची, हा त्याच्या बापापासूनचा नेम. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांत वरच्या पायरीच्या लाकडात गाठ निघाली. घरी पाहुणे येऊन बसलेले, बायकोचे दोन निरोप आलेले. त्याने उडी मारली नाही. गाठ दिसू नये म्हणून भिंतीकडे फिरवली आणि पायरी ठोकून मोकळा झाला.

तिसऱ्या आठवड्यात ती पायरी मोडली. घंटावाल्याचा पाय गुडघ्यात मोडला, तो पुन्हा सरळ झाला नाही.

"देवाची मर्जी," फादर म्हणाले. गल्लीनेही तीच री ओढली. सुताराचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण त्याला घास उतरेना. चहाला जाणंही त्याने टाळलं. सहा महिन्यांनी तो फादरांपुढे जाऊन सगळं बोलला.

"मी काय करणार, हे देवाला आधीच ठाऊक होतं ना, फादर?"

"होतं."

"मग त्यानेच करवलं म्हणायचं?"

"तू जेवायला उशिरा येणार, हे तुझ्या बायकोला सकाळीच ठाऊक असतं. म्हणून उशीर काय ती करते?"

सुताराने नकारार्थी मान हलवली.

"आणि 'देवाची मर्जी' हे मी नीट न विचारताच बोललो," फादर म्हणाले. "ती चूक माझी. तुझी तू घंटावाल्याला सांग."

"दोस्ती तुटेल हो."

"तुटेलही. ते त्याच्या हातात."

सुताराने घंटावाल्याला गाठीपासून सगळं सांगितलं. पाहुण्यांचं निमित्त ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

घंटावाल्याने कुबडी उचलली. "हाणू?"

"हाण."

"अरे लबाडा! सहा महिने मी देवाशी भांडतोय! त्याचीच घंटा वाजवायला चढलो आणि त्यानेच पाडलं म्हणून. त्या बिचाऱ्याचा काही संबंधच नाही!"

"नाही. हात माझा होता."

कुबडी खाली आली. "देवाला माफ कसं करायचं, ते मला कळत नव्हतं. तुला करता येईल. पण आज नाही. आज नीघ इथून."

चार महिने त्याने सुताराकडे ढुंकून पाहिलं नाही. मग एका सकाळी लंगडत त्याच्या कारखान्यात आला आणि फळ्यांच्या ढिगावर बसला.

"माफ केलं," तो म्हणाला. "फार खूश होऊ नकोस. राग अजून येतो. रोज उठून नव्याने माफ करावं लागतं."

"मग रोज इथेच येऊन करत जा."

तो येत राहिला. करवत चालू असताना तिच्या आवाजावर आवाज चढवून सुताराला टोमणे मारायचा आणि सुतार ते आनंदाने ऐकून घ्यायचा.

पुढे सतरा वर्षांनी, मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी घंटावाला न्यूमोनियाने वारला.