संताचे खारट अश्रू

"रडतोय! संत रडतोय!" शेजारीण लेओन्तीन किंचाळली.

झालं, पुन्हा सुरू! पन्नासेक माणसं आमच्या गावच्या आठशे वर्षांच्या चर्चमध्ये एका खांबाला भिडली. त्यावर कोरलेल्या संताच्या गालांवरून खरंच पाणी ओघळत होतं. मोस्यू गोंत्रां दोरीला बांधलेला लोलक फिरवत होते.

"मंडळी, ताऱ्यांची रेषा आणि भूगर्भातला झरा नेमके इथे मिळतात! संताच्या डोक्यावरचे हे लोखंडी आकडे बघा. जुन्या गवंड्यांनी बसवलेल्या अँटेना आहेत त्या!"

अँटेना म्हणे! पण माझं ऐकतो कोण? चर्चची किल्ली माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला असते म्हणून थोडा मान, एरवी मी खवट म्हातारी ओदेत.

हे गोंत्रां पाहुण्यांना खेड्यापाड्यांतली जुनी चर्चं दाखवत हिंडायचे. इथे खांबाच्या पायथ्याची पांढरी भुकटी खरवडून पाण्यात घालायचे आणि बाटल्या विकायचे. सगळ्या रोगांवर एकच बाटली! माझा धाकटा भाऊ बाप्तिस्त रोज एक रिचवत होता. त्याचं हृदय कमजोर, डॉक्टरीणबाईंनी मीठ बंद केलेलं. पठ्ठ्याने गोळ्याच बंद केल्या. पाय असे सुजले की बुटांत जाईनात.

"अरे, खारट लागतं ना ते?"

"ताई, अश्रू खारटच असणार!"

असा संताप आला! तरातरा घरी आले, तर दारामागची दगडी डोणी पाझरत होती. आमच्याकडे घरोघरी अशी डोणी असते, डुकराची तंगडी मिठात मुरवायला. दमट वारा सुटला की दगडात मुरलेलं मीठ पाणी ओढतं आणि आम्ही वाळत घातलेले कपडे आत घेतो. मग आठवलं. आजी सांगायची, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पाद्री पळाला, तेव्हा गावाने चर्चमध्येच तंगड्या मुरवल्या. त्याच आकड्यांना टांगून! म्हणजे मीठ खांबातच मुरलेलं.

डोणी, स्टोव्ह, कढई आणि एक उकडलेलं अंडं हातगाडीवर घालून चर्चमध्ये नेलं.

"घ्या, दुसरा संत! हाही रडतोय. यातही तंगड्याच मुरल्यात, आजोबा-पणजोबांनी त्या आकड्यांना टांगल्या तशाच!"

"बाई, श्रद्धेची थट्टा नको," गोंत्रां म्हणाले.

"थट्टा तुम्ही मांडलीय, माझ्या भावाच्या जिवाची!"

स्टोव्ह पेटवला, त्यांचीच बाटली कढईत ओतून आटवली. खाली उरला पांढरा थर. तो खरवडून अंड्यावर भुरभुरून लेओन्तीनला दिलं.

"अगं बाई, मीठच की हे!"

"ही घनरूप ऊर्जा आहे," गोंत्रां पुटपुटले. पण लोक आता आकड्यांकडे बघून हसत होते. घरातली डोणी पाझरली तर पाऊस, आणि चर्चमधला खांब पाझरला तर चमत्कार! आपणच मिठात वाढलेली माणसं, आणि आपणच फसलो.

बाप्तिस्त बाकावर बसून स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

"ताई, माझ्या गोळ्या टाकून दिल्यास?"

"किल्लीशेजारीच टांगल्यात, मूर्खा." मला रडू आलं. माझे अश्रूही खारटच होते, पण कुणी बाटलीत भरले नाहीत.

चर्च बघायला जरूर या, किल्ली देईन. त्या कमानी माणसांनी हातांनी उभ्या केल्यात, त्यांचं नवल करा. पण दगडाला पाणी सुटलं तर गुडघे टेकण्याआधी विचारा, का सुटलं? आणि औषध डॉक्टरांकडूनच घ्या.

परवा खांब पुन्हा पाझरला. बाप्तिस्त बूट घालून दारात आला आणि ओरडला, "ताई, कपडे आत घे!"