हात न बघता घेतलेला चाकू

मित्रांनो, मी चाकू आहे. मिटत नाही, खिशात मावत नाही. कमरेच्या पट्ट्याला म्यानात लटकायचं आणि रानावनात, डोंगरात पडेल ते काम करायचं, अशा जातीचा मी. वयाने जुना झालोय आणि स्वभावाने चिडका. चिडका का झालो ते सांगतो, मग दोष कोणाला द्यायचा ते तुम्हीच ठरवा.

माझ्या पात्यात काही खोट नव्हती. हे मी कोणापुढेही छातीठोकपणे सांगेन. घडवणाऱ्याने मला लाल होईपर्यंत तापवलं, तेलात बुडवलं, पुन्हा मंद आचेवर शेकलं आणि दगडावर पाणी टाकत टाकत अशी धार लावली की कागद नुसता टेकवला तरी दोन तुकडे. घोटाळा झाला तो मुठीपाशी. घडवणारा साध्या घाटाची मूठ बसवायला निघाला होता. पात्याच्या तोंडाशी बोट अडावं म्हणून एक छोटा उंचवटाही त्याने ठेवला होता. तेवढ्यात कारखान्याचा मालक आला.

"हे काय? ही तर भाजी चिरायची सुरी दिसते. काचेच्या कपाटात उठून दिसला पाहिजे!"

"साहेब, हातात बसायला नको का?"

"आधी डोळ्यात बसू दे. हाताचं नंतर बघू."

झालं! मुठीला बोटांसाठी खोल खोल खाचा पाडल्या. त्या कोणाच्या मापाने? खुद्द मालकाच्या. आणि मालकाचा पंजा म्हणजे अस्वलाचा. उंचवटा दिसायला आड येतो म्हणून घासून टाकला. वर काळ्या लाकडाला इतकं पॉलिश चढवलं, की माशी बसली असती तरी घसरून पडली असती. घडवणाऱ्याने मला पेटीत ठेवलं, तेव्हा त्याने तोंड असं काही वाकडं केलं की मला माझं भविष्य तिथेच कळलं.

दुकानात मात्र माझी चैन होती. दिव्याखाली मखमलीवर पडून राहायचं आणि वाहवा ऐकायची. लोक यायचे, "काय देखणा आहे!" म्हणायचे. मला हातात धरून कोणी बघायचं नाही. मलाही तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. तारीफ गोड लागते हो, ती कशाची चाललीय हे कोण बघतं?

एके दिवशी एक चष्मेवाला आला. गावात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. धाकट्या बहिणीला नुकताच डोंगरातल्या वाटाड्याचा परवाना मिळाला होता. ती आता लोकांना घेऊन डोंगरात फिरणार, तंबू ठोकणार, ओढ्यांपलीकडे नेणार. आईवडील लवकर गेले, तेव्हा याच दादाने तिच्या वेण्या घातल्या होत्या, तिचे डबे भरले होते. त्यामुळे आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता.

दुकानदाराने विचारलं, "ताईंचा हात केवढा आहे?"

"मी हातमोजे घेत नाहीये हो," दादा हसत म्हणाला. "चाकू घेतोय. हा दाखवा, हा काळ्या मुठीचा. वा! याला म्हणतात चाकू!"

आता मला सांगा, हाच माणूस आपल्या दुकानात काय करत असेल? नाकावर चष्मा ठेवून बघितल्याशिवाय तो गिऱ्हाइकाला साधी फ्रेम विकत नसे. कानामागे टोचतंय का, खाली वाकल्यावर घसरतोय का, हे दहा वेळा विचारी. भिंगं बदलत बदलत "आधी बरं होतं की आता?" करत बसे. आणि मला मात्र त्याने नुसतं बघून उचललं! मी पेटीत पडल्या पडल्या चरफडत होतो असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खरं सांगतो, तेव्हा मी फुगलो होतो. चरफडणं नंतर आलं.

बहिणीने पेटी उघडली. ती होती चणीने बारीक, हातही लहान. दादा तिला लाडाने चिमणी म्हणे, ते उगाच नव्हे. तिने मला मुठीत धरलं मात्र, आणि आम्हा दोघांनाही त्याच क्षणी कळलं. माझ्या खाचांमध्ये तिची बोटं बसेचनात. दोन खाचांमधला प्रत्येक कंगोरा नेमका तिच्या बोटावर येत होता.

"कसा आहे?" दादाचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"मस्त आहे रे दादा."

मित्रांनो, माझ्या आयुष्याची वाट लागली ती या एका वाक्याने.

त्यानंतर तिने मला सगळीकडे नेलं. मी दोर कापले, तंबूच्या खुंट्यांना टोकं काढली, शेकोटीसाठी ओली सालं सोलून आतलं कोरडं लाकूड काढून दिलं. कामात मी कुठेच कमी पडलो नाही. पण थोडं लाकूड तासलं की ती थांबायची, मला डाव्या हातात घ्यायची आणि उजवा हात झटकायची. संध्याकाळी तळहातावर फोड. ते फुटायचे, वाळायचे, पुन्हा उठायचे. जड मूठ, उलटा तोल, वर ते गुळगुळीत पॉलिश. घाम आला की मी तिच्या हातात माशासारखा सुळसुळायचो. मला सरळ राहायचं असायचं, पण जमायचं नाही. याच्यासारखा वैताग नाही. आपलं पातं चोख असावं आणि आपल्यालाच धरणाऱ्याला आपण छळावं!

आणि दर भेटीला दादा विचारणार, "काय म्हणतोय माझा चाकू?"

"एकदम झकास!" म्हणत ती हात ओढणीखाली घेणार.

वहिनीच्या ते एकदा लक्षात आलं. स्वयंपाकघरात तिने बहिणीचा हात धरला. "अगं, हे काय झालंय? सांग की त्यांना."

"नको वहिनी. किती हौसेने आणलाय त्याने. मनाला लावून घेईल. होईल सवय."

सवय! मला तोंड असतं तर तिथेच ओरडलो असतो, की बाई गं, बुटातल्या खड्याची सवय होत नसते. बदल मला, नाहीतर दादाला दाखव तरी. पण मी म्यानात, आणि म्यान खुंटीवर.

मग तो दिवस आला. दादाने कधी नव्हे ते दुकान बंद ठेवलं आणि बहिणीच्या सहलीला निघाला. पाठीवर ही मोठी पिशवी. त्यात काय नव्हतं ते विचारा. वाटेत तो भेटेल त्याला सांगत होता, "ती पुढे चाललीय ना, ती माझी बहीण. आणि तिच्या कमरेचा तो चाकू बघितलात? माझी निवड!"

दुपारी ओढा लागला. रात्री वर कुठेतरी पाऊस झाला असणार, पाणी वाढलेलं होतं. बहिणीने दोर बांधला, एकेकाला पलीकडे नेलं. दादा शेवटचा. ती ओरडून सांगत होती, "पिशवीचे पट्टे सोडून ठेव, दादा! छातीवरचा पट्टा सोड!" दादाने हात हलवला, म्हणजे ऐकलं नाही. मधोमध त्याचा पाय सरकला. तो पडला, पाण्याने त्याला खाली ओढलं आणि पिशवी बुडालेल्या एका झाडाच्या मुळात अडकली. पट्टे छातीवर ताणले गेले. पाणी हनुवटीला, मग तोंडाला. बकल दाबलं जाईना.

ती पाण्यात उतरली. दोराला धरून त्याच्यापर्यंत पोचली आणि तिने मला उपसलं. मी म्हटलं, आता, आता तरी! सगळं आयुष्य ज्या क्षणासाठी असतं तो हाच. पट्ट्यावर पातं टेकलं, तिने जोर लावला आणि तिची ओली मूठ माझ्या त्या देखण्या लाकडावरून सर्रकन पुढे सरकली. अडवायला काही नव्हतंच. तिचं बोट थेट माझ्या धारेवर आलं.

मी तिला कापलं, मित्रांनो. मला कापायचा होता पट्टा.

ती किंचाळली नाही. पाणी लाल झालं, आणि दादाचं डोकं पाण्याखाली जाऊन वर आलं. तिने दातांनी गळ्यातला रुमाल ओढला, माझ्या मुठीभोवती कसाबसा गुंडाळला आणि दोन्ही हातांनी मला धरलं. ओल्या कापडावर पकड बसली. एक पट्टा गेला, दुसरा गेला, पिशवी सुटून वाहून गेली. बाकीच्यांनी दोर ओढला आणि दोघं काठावर येऊन पडली.

दादा पाणी ओकला, धापा टाकत बसला आणि मग त्याला तिचा हात दिसला. जखम तर होतीच. पण रक्त पुसताना त्याला बाकीचंही दिसलं. जुने घट्टे, फुटलेले फोड, बोटांवरचे निळे वळ.

"हे आजचं नाही," तो म्हणाला.

तिने हात मागे ओढला.

"चिमणे, हे आजचं नाही!"

"नाही! पहिल्या दिवसापासूनचं आहे!" ती एकदम उसळली. "टोचतो तो मला! घसरतो! एक दिवस धड धरता आला नाही मला तो!"

"मग सांगायचं नाही?"

"कसं सांगणार? तू ज्याला त्याला दाखवत सुटलेला असतोस, माझी निवड, माझी निवड!"

दादाने काय करावं? त्याने मला उचललं आणि काठावरच्या वाळूत फेकून दिलं. "चाकूच भिकार निघाला!"

घ्या! ज्याने बनवायला लावला तो मोकळा, ज्याने हात न बघता घेतला तो मोकळा, जिने खोटं सांगितलं तीही मोकळी. भिकार कोण, तर मी. आजही ते वाक्य आठवलं की माझी धार शिवशिवते.

डॉक्टरने टाके घातले. बोट बरं झालं, पण पुरतं वाकेना. तो सगळा मोसम तिला डोंगर बंद झाला. खिडकीशी बसून ती रबरी चेंडू दाबत राही. मला वाळूतून कोणीतरी उचलून घरी आणलं होतं; आता मी टेबलाच्या खणात, जुन्या बॅटऱ्या आणि सुटलेल्या गुंड्यांच्या सोबतीला. कोणी तेलाचा थेंब दिला नाही. पात्यावर तांबूस ठिपके आले.

पुढच्या मोसमाआधी ती नवा चाकू घ्यायला निघाली. दादाही गेला. मला पिशवीत घालून नेलं, कशासाठी, तर "असा नको" म्हणून दाखवायला! दुकानात तिने कोणता देखणा ते बघितलंच नाही. डोळे मिटून एकेक चाकू हातात घेई. मूठ घट्ट आवळी, सैल सोडी, हवेत लाकूड तासल्यासारखं करी. दुकानदाराकडे पाणी मागून तिने हात ओला केला आणि पुन्हा धरून पाहिला. मग हातमोजा घालून. न वाकणारं बोट कुठे टेकतं ते बघितलं. म्यानातून एका हाताने निघतो का, परत घालताना बोटाला लागतो का, तेही बघितलं. दादा शेजारी उभा. एक चकचकीत चाकू बघून त्याचा हात उचलला गेला होता, तो त्याने मुकाट्याने खिशात घातला. शेवटी तिने एक मातकट रबरी मुठीचा, बुटका, कुरूप चाकू घेतला. पकडीच्या पुढे उंचवटा असलेला.

"हा," ती म्हणाली. "याला धरलंय हे मी विसरून जाते."

मला काय वाटलं असेल ते सांगत नाही.

घरी आल्यावर मात्र दादाने मला बहिणीकडून मागून घेतलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो मला काढी आणि फ्रेम घासायच्या कानशीने माझी मूठ घासायला बसे. दुखलं हो! सगळं पॉलिश गेलं. कंगोरे गेले. माझा सगळा रुबाब भुकटी होऊन त्याच्या टेबलावर पडला. खाचा नाहीशा होईपर्यंत मूठ बारीक झाली, पुढे पितळेची एक पट्टी वाकवून बसवली. दर रविवारी तो मला बहिणीपुढे धरी.

"आधी बरं होतं की आता?"

"आता. पण अंगठ्याखाली टोचतंय."

तो परत जाई, घासून आणी. "आता?"

"अजून थोडं, दादा." ती आता अजिबात भीड ठेवत नसे. कधी कधी तर मला वाटे, बाई, पुरे कर की!

शेवटी एका रविवारी तिने मला घेऊन अंगणातली काठी तासायला सुरुवात केली आणि तासतच राहिली. हात झटकला नाही. मला खाली ठेवलं नाही. दादा उंबऱ्यात उभा राहून बघत होता. वहिनी त्याला म्हणाली, "अहो, विचारा की, कसं वाटतंय." तो म्हणाला, "नको. दिसतंय."

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट गोड झाली. छे! तिच्या कमरेला अजूनही तो रबरी कुरूपच असतो. तो चांगला आहे, मला मान्य करावं लागतं. मी असतो पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात, अडीअडचणीला. इतकं घासून घेतलं, इतका शहाणा झालो, आणि पदरी काय, तर राखीव जागा! दादा आता सहलींना येतो, छातीवरचा पट्टा सोडून ओढे ओलांडतो आणि फळं कापायला मला मागून घेतो. त्याच्या मोठ्या पंजात मी आता धड बसत नाही, म्हणून तो कुरकुरतो. कुरकुर बाबा, कुरकुर.

गेल्याच सहलीत ओढ्याकाठी एक बाई त्याला म्हणाल्या, "मुलीसाठी चाकू घ्यायचाय. कुठला घेऊ, सांगा ना. तुम्हाला त्यातलं कळतं म्हणे." मी कान टवकारले. दादा म्हणाला, "मुलीलाच घेऊन जा दुकानात. तिला धरू दे. आणि ती 'मस्त आहे' म्हणाली ना, तर पुन्हा विचारा."

मित्रांनो, माझं सगळं गाऱ्हाणं त्याने तिथे सांगून टाकलं. तुम्ही कोणाला वस्तू द्याल तेव्हा आधी त्याचा हात बघा. तुम्हाला कोणी दिली आणि ती टोचली, तर प्रेमापोटी गप्प बसू नका. बोलून टाका. न बोललेल्याची शिक्षा आम्हा मुक्या वस्तूंना होते.

आणि आणखी एक. काम झालं की आम्हाला कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हात फिरवा, मगच म्यानात ठेवा. कारण त्या बाईंना एवढं शहाणपणाचं सांगून झाल्यावर दादाने फळं कापली, मला ओढ्यात बुचकळलं आणि तसंच ओलंचिंब म्यानात कोंबलं. अजून तसाच आहे मी. कोणीतरी त्याला सांगा!