वेन्डेलच्या सदऱ्याचं शेपूट

धाकट्या कोरीनच्या लग्नात जावई केकवर बसला, ते १९९८ साल. केक खुर्चीवर कोणी ठेवला हे अजून कळलेलं नाही. सगळ्या हॉलची हसून मुरकुंडी वळली, आणि त्या भरात कोरीनची आई आर्डिथ साठ माणसांसमोर बोलून बसली, की यंदा हरणांच्या शिकारीला मी वेन्डेलचा लाल चौकड्यांचा सदरा घालणार आणि शेताच्या त्याच्याच कोपऱ्यावर उभी राहणार.

वेन्डेल तिचा नवरा. तो जाऊन तीन वर्षं झाली होती. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की नेम चुकला तर त्या सदऱ्यालाच कात्री लागणार. त्या घराची जुनी रीत अशी, की हरणावर नेम चुकला तर अंगातल्या सदऱ्याचं मागचं टोक कापायचं आणि शेडच्या भिंतीवर ठोकायचं. त्याला ते शेपूट म्हणत. आर्डिथची भिंतीवर नऊ शेपटं होती, त्यातली शेवटची दोन त्याच कोपऱ्यावरची. दीर डेलमरचं चाळीस वर्षांत एकही नव्हतं, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

कोपऱ्यापुढे सोयाबीनचं कापलेलं शेत. हरीण निघायचं ते पलीकडच्या झाडीतून, दीडशे यार्डांवर. आयोवात हरणावर रायफल चालवायला मनाई. शॉटगनच हवी, तीही छर्ऱ्यांऐवजी एकच जाड गोळी, म्हणजे स्लग, सोडणारी. आर्डिथची जुनी बंदूक आतून गुळगुळीत नळीची. सत्तर यार्डांपुढे तिची गोळी मनाला येईल तिकडे जाई.

म्हणून ती आणि डेलमर खडीच्या खाणीत गेले. गावच्या दुकानदाराने दोन बंदुका वापरून बघायला दिल्या होत्या. नेमाला लग्नातल्या उरलेल्या कागदी ताटल्या, चंदेरी घंटा छापलेल्या. पहिल्या बंदुकीच्या दणक्याने आर्डिथची टोपी उडाली आणि चष्मा कपाळावर चढला. डेलमर पोट धरून खाली बसला. ते बघून तीही हसायला लागली आणि पुढचा बार थेट खडीत गेला.

दुसरी बंदूक कुंपणाच्या खांबासारखी जड आणि कुरूप. एका वेळी एकच गोळी घेणारी, पण नळी जाड, आत पीळदार आटे. आर्डिथने एक बार काढला आणि थर्मासमधली कॉफी ओतली. नळी गार झाल्यावर दुसरा काढला, मग पुन्हा कॉफी.

"बंदूक निवडतेयस की कॉफी?" डेलमरने विचारलं.

"हरीण मला नळी तापवायला वेळ देणार आहे का?" ती म्हणाली.

तीन सकाळी तिने तेच केलं. तीन जातींच्या गोळ्यांपैकी एकच त्या नळीला मानवली. तिची पहिली गोळी रोज एकाच घंटेजवळ बसली. तिने तीच बंदूक घेतली आणि त्याच गोळ्यांची पाच खोकी. डेलमरने आपल्या नव्या बंदुकीची दुर्बीण स्वस्तातल्या गोळ्यांनी जुळवून घेतली. भारी गोळ्या तो शिकारीसाठी राखून होता. खडी मारायला कशाला वाया घालवायच्या, म्हणाला.

शिकारीच्या पहिल्या सकाळी जावई आणि त्याचे भाऊ झाडीतून हाकारत निघाले. आर्डिथच्या नारिंगी जाकिटाखाली वेन्डेलचा सदरा होता. मोठ्या शिंगांचा नर आधी डेलमरसमोर आला. डेलमरने भारी गोळ्यांचे दोन बार काढले. दोन्ही वेळा मातीच उडाली. नर पळाला तो शेताच्या पलीकडच्या कडेला येऊन थांबला, बरोबर तिच्यासमोर. तिने बंदूक कुंपणाच्या खांबावर टेकवली, श्वास सोडला, चाप ओढला. नर जागीच कोसळला.

डेलमर चालत आला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. अंगात लग्नातला नवा सदरा होता.

"स्वस्त गोळी इथे लागते म्हणून भारीही इथेच लागेल असं वाटलं होय रे तुला?" आर्डिथ कात्री शोधत म्हणाली.

"काप मुकाट्याने. आणि सरळ काप, चाळीस वर्षांतलं पहिलं आहे."

तिला सरळ कापता आलंच नाही. तो इतका हसत होता की पाठ स्थिर राहीना, आणि तिला डोळ्यांतल्या पाण्याने दिसेना.

वेन्डेलचा सदरा अखंड राहिला. डेलमर २००३च्या मार्चमध्ये वारला. शेपूट नसलेला तोच सदरा घालून त्याला पुरलं. आर्डिथ २०११च्या ऑक्टोबरात गेली, शिकार सुरू व्हायच्या आधी.