शिंपीकाकांची दुसरी फेरी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी मालकीण मला गळ्यात अडकवून त्या अनोळखी गावात उतरली. तिला तिथे काय मिळणार होते ते आधीच सांगून टाकतो: साप्ताहिकाचे मुखपृष्ठ, आणि त्यापाठोपाठ कायमची नोकरी. एका चांगल्या फोटोत दोन्ही. सौदा वाईट नव्हता. फक्त तो फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी पडक्या घरातून निघायचा होता.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथे धुळीला चोरासारखे पकडत. पुढे मी लग्नांत रुसलेल्या आत्यांना हसताना टिपले, पुढाऱ्यांची पोटे चौकटीबाहेर ठेवली. लोक मालकिणीला म्हणत, "काय नजर आहे!" नजर माझी, कौतुक तिचे, असो, घरच्या घरात वाटणी कसली करायची! मग माझ्या भिंगाच्या कडीत वाळू शिरली. दुरुस्तीवाला म्हणाला, "साफ करून घ्या ताई, ऐन वेळी दगा देईल." ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात बघू." असे अकरा पुढचे महिने गेले.

त्या गावात तिने एका तडकलेल्या भिंतीचा फोटो काढला, आणि सगळी गल्ली गोळा झाली. नुकसानीचा पंचनामा करणारे भिंतींचेच फोटो काढतात, एवढे लोकांना ऐकून ठाऊक होते. "पंचनाम्याच्या मॅडम आल्या!" कुणी खुर्ची पुसून पुढे केली, कुणी आपल्या घराचा तडा शेजाऱ्याच्या तड्यापेक्षा मोठा असल्याचे वितीने मोजून दाखवले. मालकिणीने तोंड उघडले आणि मिटले. गैरसमजाने दारे उघडत होती. खरे बोलून ती कोण लावून घेणार?

इतक्यात समोरच्या घरातून शिंपीकाका बाहेर आले. खांद्यावर शिलाई मशीनचे लोखंडी धूड, भुवयांवर धूळ, गळ्यात अजूनही मोजपट्टी. मागच्या भेगेतून उन्हाची तिरीप थेट त्यांच्या पाठीवर. हाच तो फोटो! तिने कडी फिरवली. वाळू करकरली, कडी अडली. क्लिक झाले खरे, पण हाती आले नुसते धुके.

"काका, एकदा परत आत जाऊन बाहेर याल का? नीट आला नाही."

काकू रस्त्यात गाठोडी बांधत होत्या. "काही नको! सकाळपासून दोनदा हादरलंय. बाहेर आणलेलं मशीन परत आत न्यायचं, हे कुठलं शहाणपण?"

"अगं, फोटोशिवाय भरपाई मिळत नाही," काका म्हणाले.

"माझ्या सांगण्यावरून विसरलेली पिशवी आणायला कधी मागे वळला नाहीत. मॅडमनी सांगितलं की लगेच!"

लोक हसले. मालकीणही हसली. 'मी पंचनाम्याची नाही' एवढेच तीन शब्द बोलायचे होते. माझ्या पाठीला तिचा गाल टेकलेला होता. तो तापला होता. पण ओठ हलले नाहीत.

काका आत गेले. तिने जोर लावून कडी मोकळी केली. दाराच्या वरची तुळई आधीच वाकलेली होती. मला ती स्पष्ट दिसत होती, म्हणजे तिलाही. काका उंबऱ्याशी आले. क्लिक. एकेक सुरकुती लख्ख उमटली.

आणि जमीन गुरगुरली.

तिने मला फेकले आणि ती दाराकडे धावली. एवढे तिच्या बाजूने सांगायलाच हवे. मी दगडावर आपटलो, भिंग तडकले. मला फक्त पाय दिसत होते आणि धूळ.

"अहो! ओ द्या! ओ द्या की!" काकू ओरडत होत्या.

मग ढिगाऱ्याखालून आवाज आला, "मशीन धड आहे का बघ गं."

"मशीन घाला चुलीत! हात द्या!"

"डावा घे. उजवा निघत नाहीये."

संध्याकाळी इस्पितळाच्या तंबूत मालकीण खाटेशी उभी राहिली. "काका, मी पंचनाम्याची नाही. साप्ताहिकासाठी फोटो काढते."

काकूंनी विचारले, "मग हे परत आत कशाला गेले?"



तिने दोन्ही फोटो पाठवले. संपादकांनी धुरकट, पहिलाच छापला. म्हणाले, "यात हादरा जाणवतो." तिला नोकरी लागली आणि मला कपाट. आता ती कुठेही गेली की आधी सांगते, "मी फोटोवाली आहे, भरपाई माझ्या हातात नाही." कितीतरी दारे तोंडावर बंद होतात. होऊ देत.

मित्रांनो, आमच्यात वाळू शिरली तर वेळेवर काढा. पण आम्हाला कुणावर रोखण्याआधी आपण कोण आहोत ते त्याला सांगा. त्या दिवशीचा जमाखर्च असा: मुखपृष्ठ मालकिणीला मिळाले. एक डोळा माझा गेला. उजव्या हाताची तीन बोटे शिंपीकाकांची गेली. आणि सुईत दोरा ओवून ती त्यांच्या डाव्या हातात देण्याचे काम, ज्यांनी "काही नको" म्हटले होते, त्या काकूंच्या वाट्याला आले.