तीन फुल्यांची फाईल

"काका, येसूबाईच्या कातळावर उभा हाय मी, आन् व्हॉल्व काय गावत नाय!" फोनवर लाईनमन दादू ओरडत होता. "सकालपासना दोन खड्डे मारले."

भिकाजी गोताडांनी कीबोर्डवर 'येसू' एवढंच टाईप केलं. पडद्यावरच्या ओळी सर्रकन खाली धावल्या आणि थांबल्या. "येसूबाईचा फणस. फणस तोडलान्, पन खुंट हाय बघ. खुंटापासना दर्याच्या अंगाला सात पावलां. वर सपाट चिरा हाय, तो उचल. आन् उलट्या आट्यांचा हाय तो, जोर लावू नुको."

चार मिनिटांनी दादूचा पुन्हा फोन आला. व्हॉल्व गावला होता.

भाट्याच्या खाडीपलीकडच्या बारा गावांच्या या नळपाणी योजनेचे नकाशे होते, नाही असं नाही. पण ज्याने पाईप टाकले त्याने ते पुरले एकीकडे आणि कागदावर दाखवले दुसरीकडे. खरा नकाशा होता भिकाजींच्या नोटपॅडमध्ये. ऑफिसच्या जुनाट कॉम्प्युटरवर दुसरं काही चालत नव्हतं, म्हणून तक्रारी लिहून घेणाऱ्या या कारकुनाने एकोणीस वर्षं सगळं एकाच फाईलीत लिहिलं. ना रंग, ना चौकटी. चार हजार तीनशे ओळी. नियम दोनच. प्रत्येक व्हॉल्वच्या नावाआधी तीन फुल्या, म्हणजे फुल्या शोधल्या की एका व्हॉल्ववरून दुसऱ्यावर उडी मारता येते. आणि जे स्वतः पाहिलं नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. रविवारी हा गृहस्थ पदरचं भाडं घालून कातळावर जायचा, व्हॉल्व डोळ्यांनी बघायचा आणि सोमवारी एक प्रश्नचिन्ह पुसायचा. तसं कुणी सांगितलं नव्हतं. वर्षावर्षाच्या करारावरच्या माणसाला असलं कोण सांगतं?

गोम एवढीच, की व्हॉल्वचे नंबर त्यांच्या डोक्यात राहत नसत. राहत माणसं. म्हणून गळका व्हॉल्व 'रडका सखाराम' आणि कधीच पुरता बंद न होणारा 'बडबडी हौसा'. हौसा हे त्यांच्या बायकोचंच नाव. परक्याने फाईल उघडली तर त्याला ती गावकीची बैठक वाटावी.

योजना चालवायला घेतलेल्या नव्या कंपनीचा इंजिनियर शुभंकर एक दिवस खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "काका, याची वर एक सूची करा ना. नंबर, गाव, खूण. म्हणजे कुणालाही सापडेल. आमच्याकडे नवी लागलेली ही मनस्वी बसेल तुमच्या शेजारी."

"साहेब, माझ्या कराराचं?"

"त्याची कसली काळजी करता? तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही."

असं वाक्य एकोणीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. भिकाजी विरघळले.

"सगला लिवन देताव," घरी हौसा म्हणाली, "मंग तुमची गरज ती काय ऱ्हायली?"

"साहेबान् शब्द दिलान् हाय."

"शब्द! तो तरी लिवन घेतलाव काय?"

भिकाजी जेवून उठले, पण बायकोचं बोलणं जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी सूचीत एका जागी त्यांनी सातचे सतरा केले. एकच. तेवढा एक व्हॉल्व आपल्या मुठीत असावा. संध्याकाळी एसटीच्या थांब्यापर्यंत गेले आणि डोळ्यांपुढे ती जागा आली. सतराव्या पावलावर नुसता कातळ होता. दादू तिथे दिवसभर पहार मारणार, बायका रिकामे हंडे घेऊन बसणार. माणूस परत फिरला, शिपायाला ऑफिस उघडायला लावलं आणि सतराचे सात केले. स्वतःची लाज वाटली त्यांना. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं पुष्कळ असतात, पण त्यासाठी समोर आलेली एसटी सोडून परत जाणारा हा एकटाच.

सूची पुरी झाली आणि मोबाईलवरही गेली. मनस्वी मोबाईलवर नंबर टाकायची आणि खूण पुढ्यात हजर. "काका, किती सोप्पं करून ठेवलंत तुम्ही!" पोर मनापासून बोलली.

महिनाअखेरीला शुभंकरने बोलावलं. "काका, वरून आदेश आलाय. तुमचं पदच कमी केलंय."

"पण माझ्याशिवाय पान हलत नाही म्हणालात."

"तेव्हा हलत नव्हतंच काका. आता सूची झालीये ना."

"म्हणजे नीट केली म्हणून?"

शुभंकर मोबाईलमध्ये काहीतरी बघू लागला. मग शाल आली, नारळ आला, फोटो निघाला. गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात, पण वैद्यसुद्धा मरण्यापूर्वी आपल्या मुळ्यांची यादी रोग्याच्या हातात देत नाही.

"आठ दिवस," भिकाजी हौसाला म्हणाले. "आठ दिवसांत बोलवतील." फोनचा आवाज मोठा करून ठेवला. आठ गेले, पंधरा गेले. अठराव्या दिवशी त्यांच्याच वाडीचा नळ कोरडा पडला.

भिकाजींना मनातून आनंद झाला, आणि झाला याचं वाईटही वाटलं. बिघाड कुठे असणार ते त्यांना बसल्या जागी कळलं. केरूच्या गोठ्यामागचा व्हॉल्व. जुनी पडवी पाडल्यावर तिथली खूण त्यांनी तीनदा बदलली होती. हा काही त्या पोरांना सापडायचा नाही. चष्मा लावून, फोन मांडीवर घेऊन ते पायरीवर बसले. एकदम सांगायचं नाही, हे ठरवलं. निदान दोनदा विचारू दे.

"गोताडानू, पानी कवा येल?" शेजारीण विचारून गेली.

"फोन येल आता माजा. मंग बगू."

साडेदहा वाजले. पावणेअकरा वाजले. अंगणातला नळ आधी खोकला, मग लाल पाण्याची चिळकांडी उडाली आणि धार सुरू झाली.

"पानी आला!" हौसा आतून ओरडली. "आवो, हंडा लावा!"

फोन वाजला नव्हता. सूचीतली खूण पुरेशी झाली होती. भिकाजींनी तो एकदा उलटसुलट करून पाहिला. मग उठले, लाल पाणी जाऊ दिलं आणि हंडा विसळून नळाखाली लावला. भरायला त्याला नेहमीइतकाच वेळ लागला.