उजवा पाय आधी

चौथी बैठक होती. पंचायतीच्या खोलीतला पंखा तिसऱ्या बैठकीतच दमून बंद पडला होता, आणि आम्ही पंच त्याच्याहून दमलेले.

समोर नानाय कोन्चिंग. चार घरचे कपडे धुणारी बाई. एकदा पोलिसाचा गणवेश तिने असा घासला की रंग उडून तो पोलीस दुसऱ्या दिवशी पोस्टमन म्हणून कामावर गेला. तो हात आता प्लास्टरमध्ये, गळ्यात लटकलेला. धुणं बंद, म्हणजे चूल बंद.

झालं होतं असं. मॅडम हर्मिन्याच्या किराणा दुकानात रोज सकाळी दार उघडायच्या आधी नोकर दुकानाबाहेरच्या छताखाली ओळीने नाचतात, गिऱ्हाइकाला प्रसन्न वाटावं म्हणून. ओळीच्या टोकाला रखवालदार आर्सेन्यो. त्या दिवशी त्याने लाथ अशी उंच फेकली की पायातला बूट निसटला. छताची पाल घाबरून शेजारच्या गावी राहायला गेली, आणि बूट उतरला तो साबणासाठी पहिल्या नंबरला उभ्या असलेल्या नानायच्या मनगटावर.

"तो माझा माणूसच नाही," मॅडम चौथ्यांदा म्हणाली. "एजन्सीने पाठवलाय. यांना विचारा."

एजन्सीचे मिस्टर बाल्डेमोर घाम पुसत म्हणाले, "आमच्या करारात पिशव्या तपासणं आहे, दारात उभं राहणं आहे. नाच कुठेय? नाचला असेल आपल्या हौसेने."

"म्हणजे मला वाऱ्याने मारलं म्हणा की," नानाय म्हणाली.

"हौस कसली, लोलो," आर्सेन्यो मला म्हणाला; गावात सगळे मला लोलो, म्हणजे आजोबा, म्हणतात. "माझ्या लग्नात बायकोने मला नाचायला खुर्चीवरून उठू दिलं नव्हतं."

मॅडम आणि बाल्डेमोर यांचं एकमत एवढ्यावरच: भरपाई आर्सेन्योने द्यावी. त्याच्याकडे होतं काय, तर दुसरा बूट.

मला घरी जाऊन पाय पाण्यात सोडायचे होते. म्हटलं, "पोरा, नाचून दाखव. काय घडलं ते पंचांना दिसू दे."

तो उठला. कसाबसा डावा पाय उचलला.

"उजवा आधी," मॅडम म्हणाली. "किती महिने सांगतेय, उजवा आधी, मग लाथ. आणि लाथ उंच हवी, कंबरेच्या वर..."

मग तिने जीभ चावली.

बाल्डेमोर गालात हसले. मी लिहिणाऱ्या पंचाला म्हटलं, "शब्द न शब्द लिहून घे." आणि बाल्डेमोरना म्हटलं, "तुम्ही हसू नका. बूट तुम्हीच दिलात ना? दोन नंबर मोठा?"

"तीन, लोलो," आर्सेन्यो म्हणाला.

मॅडम आणि बाल्डेमोर, दोघांनी तडजोडीच्या कागदावर सह्या केल्या. हात बरा होईपर्यंत दवाखाना आणि नानायची रोजची मजुरी दोघांच्या डोक्यावर. आर्सेन्योच्या पगाराला हात लावायचा नाही.

नाच अजून चालतो. आर्सेन्यो टोकाला उभा राहून नुसत्या टाळ्या वाजवतो. नानाय साबणाला पहिली येते, पण दार उघडेपर्यंत विजेच्या खांबामागे उभी असते.