गडाचा नारळ

मित्रांनो, पट्ट्याला चांभाराचा टाका, अर्ध्यात अडकणारी चेन आणि अंगावर चढलेली धूळ, अशी मी एक काळी पिशवी. केजच्या रामेश्वरच्या खांद्यावर माझं आयुष्य गेलं. ज्या थंडगार खोल्यांत सर्व्हर घरघरत असतात, तिथलं नेटवर्क बंद पडलं की त्याला बोलावणं येतं आणि त्याची अवजारं घेऊन मीही जाते.

शिवलं मला कारखान्यात, पण वळण लावलं ते रामेश्वरच्या उस्तादांनी, पंडितकाकांनी. पेचकस आडव्या खिशात, टेस्टर मऊ फडक्यात, कनेक्टरची डबी वरच्या कप्प्यात. आणि क्रिंपर, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायची पकड, ती उजव्या खिशात. निघताना ते दटावायचे, "रामेश्वर, पिशवी उचलून काय बघतो बे? उघडून बघ!"

पुढे पंडितकाका थकले, घरी बसले. रामेश्वरचं मात्र नाव झालं. तो दारात दिसला की लोक म्हणायचे, आला बाबा, आता काम झालं! तो फुगला आणि मीही फुगले. हळूहळू मला उघडून बघणं बंद झालं. हाताला जड लागली की घातली खांद्यावर.

गेल्या खंडेनवमीला त्याच्या बायकोनं, योगितानं, माझ्यातली सगळी अवजारं काढून पाटावर मांडली. क्रिंपरला हळदीकुंकू लावलं, टेस्टरवर झेंडूचं फूल ठेवलं. पुजलेल्या अवजाराला दसरा सरेपर्यंत हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. मी रिकामी पडलेली बघून रामेश्वरनं मला नारायणगडावर दर्शनाला नेलं. येताना माझ्यात आपट्याची पानं, पेढ्यांचा पुडा आणि चांगले थोराड नारळ होते. वजन अगदी रोजच्यासारखं भरलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाजोगाईच्या एका खासगी दवाखान्यातून फोन आला. स्कॅनचे फोटो ऑपरेशनच्या खोलीत पोचत नव्हते. रामेश्वरनं मला उचललं, वजन बरोबर वाटलं, निघाला.

तिथं बंकट नावाचा म्हातारा मेंढपाळ उभा होता. त्याच्या बायकोचं, रतनबाईचं, आतडं पिळलं होतं आणि फोटो बघितल्याशिवाय डॉक्टर पोट उघडायला तयार नव्हते. तो रामेश्वरच्या मागं मागं सर्व्हरच्या खोलीपर्यंत आला.

"साहेब, व्हईल न्हवं लवकर? म्हातारी लई तळमळायली."

"बाबा, तुमी काळजी करू नका. आत्ता करतो."

बिघाड लगेच सापडला. उंदरानं केबल कुरतडली होती. नवं टोक बसवलं की झालं, चुटकीसरशी होणारं काम! रामेश्वर खाली बसला आणि न बघताच त्यानं उजव्या खिशात हात घातला. हातात आपट्याची पानं आली. त्यानं दुसरा खिसा चाचपला, तिसरा चाचपला, मग मला उलटंच केलं. पेढे सांडले. एक नारळ गडगडत जाऊन बंकटच्या पायाशी थांबला.

अरे देवा! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"अहो रामेश्वर, तुमची अवजारं कुठायत?" दवाखान्याच्या व्यवस्थापक स्वप्नाली मॅडमनी विचारलं. तो सांडलेले पेढे गोळा करू लागला.

बंकटनं वाकून नारळ उचलला आणि कपाळाला लावला. "गडाचा हाय व्हय साहेब? आमच्या रतनसाठी आणला? आता मला भ्याव न्हाई." त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. चार शिव्या घातल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं. 'नाही बाबा, चुकून आलाय', एवढंही रामेश्वरला म्हणवेना.

"अहो, समदं पाटावरच हाय की!" फोनवर योगिता म्हणाली. ती अवजारं घेऊन स्कूटीवर केजहून निघाली. ती येईपर्यंत रतनबाईचं कण्हणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. रामेश्वर भिंतीकडं तोंड करून उभा होता. शेवटी हळदीनं माखलेल्या क्रिंपरनं टोक बसलं, फोटो दिसले, ऑपरेशन झालं. रतनबाई वाचली. पण हातभर आतडं काळं पडलं होतं, ते काढावं लागलं. थोडं आधी उघडता आलं असतं तर कदाचित वाचलं असतं, असं डॉक्टर सहज बोलून गेले. रामेश्वरनं ते ऐकलं आणि मीही ऐकलं.

रतनबाईला घरी सोडलं त्या दिवशी बंकटनं रामेश्वरला मुद्दाम बोलावून घेतलं. तोच नारळ फोडून पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "तुमच्या पायगुणानं वाचली साहेब."

रामेश्वरला तो तुकडा तोंडात घालवेना. त्यानं तो माझ्या उजव्या खिशात ठेवला.

मित्रांनो, निघताना आपली पिशवी उघडून बघत जा. तिच्या वजनावर जाऊ नका, आम्ही भलत्याच गोष्टींनीही जड होतो. रामेश्वर आता रोज मला उघडतो. क्रिंपर चाचपायला हात घालतो, तर आधी तो वाळून टणक झालेला तुकडा बोटांना लागतो. अजूनही लोक म्हणतात, रामेश्वर आला, काम झालं. तेव्हा तो मान खाली घालतो आणि माझी चेन लावून घेतो.